आऊट होईपर्यंत

४ फेब्रुवारी
संघात नाव आहे. कोच म्हणाले, "या सामन्यात काय करतोस बघू, मग पुढच्या मोसमाचं बोलू." म्हणजे अगदी गळ्याशी आलंय. पस्तिशी उलटलेल्याची वाट कोण बघतं!

दवाखान्यात जाऊन बाबांना सांगितलं. ऑक्सिजनचा मास्क बाजूला करून म्हणाले, "पुढचा पाय आखडतोयस तू. क्लबात शिकवताना हेच सांगून घसा कोरडा झाला माझा." स्वतः कधी क्लबाच्या दुसऱ्या संघापुढे गेले नाहीत. पण शिकवणी चालूच.

६ फेब्रुवारी
जायचं नव्हतं. ताई म्हणाली, "तू जा रे. काही वाटलं तर संघाच्या मॅनेजरना लगेच कळवते. दोन तासांचा तर रस्ता." बाबा झोपले होते. उठवलं नाही.

७ फेब्रुवारी
सकाळी पटापट गडी गेले, लगेच आत जावं लागलं. मग दिवसभर खेळलो. शतक — नाबाद. पोरवयातसुद्धा इतका छान खेळलो नव्हतो. बारावा गडी ग्लोव्हज घेऊन दोन-तीनदा आला, पण नजर चुकवत होता. मला वाटलं, त्याची संधी हुकली म्हणून तोंड पाडलंय.

पॅड सोडत होतो, तेव्हा मॅनेजर शेजारी येऊन बसले. ताईचा फोन सकाळीच आला होता, ताबडतोब पाठवा म्हणून. दुसरा आला चहापानाला. त्यात काही घाई नव्हती.

बाबा गेले.

९ फेब्रुवारी
मॅनेजरना नाही नाही ते बोललो. घरी ताईवरही ओरडलो, मला बाहेर का नाही काढलंस म्हणून. मग आई म्हणाली, "तिला नको बोलूस. ह्यांनीच फोन मागून घेतला आणि सांगितलं, खेळत असेल तर आऊट होईपर्यंत कळवू नका. मग सारखं एकच — आहे ना अजून?"

खूप रडलो.

१२ फेब्रुवारी
करार वाढवला. कोचचा फोन. हो म्हटलं आणि ठेवला.

१३ फेब्रुवारी
लंबू आला होता. आम्ही दोघं बाबांच्याच हाताखाली शिकलो. त्या सामन्यात तो समोरच्या संघात होता, स्लिपमध्ये. चहा तसाच गार झाला त्याचा. म्हणाला, "जेवणाआधी तुझा झेल सोडला मी. अगदी हातात आला होता रे. घेतला असता तर तू..."

चेंडू खाली पडला तेव्हा मी मनात देवाचे आभार मानले होते.