शनिवार सहाचा सौना आणि माझ्या स्क्रिप्टा

३ मार्च
तळघरातला कॉम्प्युटर आजपासून माझ्या ताब्यात. इमारतीच्या सौनाच्या, म्हणजे तापल्या दगडांवर पाणी टाकून वाफ घ्यायच्या खोलीच्या, याद्या त्यात असतात. कोणाची पाळी कोणत्या वारी, आणि चांगल्या पाळीसाठी रांगेत कोण. नऊ वर्षं वेइको सांभाळायचा, तो आता मुलीकडे औलूला राहायला गेला. जाताना कमांडांची वही देऊन गेला. समितीचा रायमो म्हणाला, मार्ताबाई, जमेल ना तुम्हाला? मी म्हटलं, सहा यत्ता झाल्यात माझ्या, आणि तुझ्या बुटांच्या नाड्या बांधायला तुला मीच शिकवलंय.

काम समाजसेवा म्हणून घेतलंय. शनिवार सहाच्या रांगेत पहिलं नाव माझं आहे, त्याचा संबंध नाही. तिसऱ्या मजल्यावरची आउने महिनाअखेर बहिणीकडे चाललीय, तिची तीच पाळी सुटतेय, त्याचाही नाही. अकरा वर्षं बुधवारी चारला सौनात बसतेय. चारला शेगडीचे दगड नुसते कोमट असतात. दुसरं नाव शेजारच्या सिल्वीचं. तिने वाट बघावी.

५ मार्च
वहीतली पहिली कमांड चालवली. डिस्क किती भरलीय ते कळतं. अठ्ठ्याण्णव टक्के. वेइकोने नऊ वर्षांत एक चिठोरं टाकलेलं नाही. त्याच्या घरातही हेच. बायको शेवटी जिन्यात कॉफी प्यायची.

६ मार्च
बॅकअप. कमांडा एका फाइलीत ओळीने लिहिल्या की तिला स्क्रिप्ट म्हणतात, एवढंच आहे ते. लोक उगाच बाऊ करतात. ही स्क्रिप्ट पेनड्राइव्हला हुबेहूब याद्यांच्या फोल्डरसारखं करते. खाली एक ओळ मी माझी घातली. चालवल्यावर पडद्यावर आलं: सगळं ठीक आहे, मार्ता. चाळीस वर्षांच्या संसारात मला हे कोणी म्हटलं नव्हतं.

७ मार्च
आता रोज सकाळी सातला ती आपोआप चालते. धुण्याच्या मशिनांमुळे तळघरात दमट असतं, म्हणून पेनड्राइव्ह वर आणून कपांच्या कपाटात ठेवला. बॅकअप सुरक्षित जागी हवा, असं वहीतच आहे.

९ मार्च
स्क्रिप्ट कुरकुर करते. पेनड्राइव्ह सापडत नाही म्हणे. मला माहीत आहे, तो माझ्या कपाटात आहे. तक्रारी परस्पर नाहीशा करायची युक्ती वहीत मिळाली. लावली. आता फक्त माझी ओळ येते. सिल्वीला लावता आली असती तर.

१२ मार्च
साफसफाईची स्क्रिप्ट. सात दिवसांत ज्या फाइलीला कोणी हात लावला नाही ती पुसायची. आठवडाभर कोणी विचारलं नाही ते कोणाला हवं असतं? वेइकोने शेजारी लिहिलंय, आधी नावं बघ, मग पूस. बाप्यांना नुसतं बघत बसायला आवडतं. डिस्क एकतीस टक्क्यांवर आली.

धुण्याच्या खोलीत सिल्वी भेटली. म्हणाली, अगं, पुसण्याआधी बघितलंस तरी का काय जातंय ते? मी म्हटलं, तू झाडू मारताना कचऱ्याची नावं विचारतेस का?

१८ मार्च
ठीक.

१९ मार्च
ठीक. इमारतीतल्या म्हाताऱ्यांसाठी स्क्रिप्टांचा वर्ग काढावा म्हणते. रायमोला पुढच्या बाकावर बसवीन.

२७ मार्च, स. १०
परवा सभा. आउनेची पाळी तिथेच रांगेप्रमाणे देणार, म्हणून रायमोने रांगेची यादी कागदावर मागितली. पाळ्यांची यादी आहे, ती मी दर शुक्रवारी भरते. रांगेची नाही. ऑक्टोबरपासून रांगेत नवीन कोणी आलं नाही, म्हणून त्या फाइलीला कोणी हात लावला नाही, म्हणून पुसली गेली. स्क्रिप्टचा दोष नाही. लोकांनी रांगेत यायला हवं होतं.

स. ११
घाबरण्याचं कारण नाही. बॅकअप कशाला असतो? पेनड्राइव्ह कपाटातून आणला, लावला, बॅकअपची स्क्रिप्ट चालवली.

स. ११.०५
ती पेनड्राइव्हला हुबेहूब फोल्डरसारखं करते. फोल्डरमध्ये रांग नव्हती. आता पेनड्राइव्हवरही नाही. पडद्यावर: सगळं ठीक आहे, मार्ता.

२८ मार्च
वेइकोला फोन. झालं ते सगळं सांगितलं. मग म्हणाला, अगं बाई, परत आणायचं तर उलट्या दिशेने चालवतात, पेनड्राइव्हवरून फोल्डरकडे. मी म्हटलं, मग तसं वहीत लिहावं माणसाने. म्हणाला, पान चार. पान चार तीनला चिकटलंय. कणीक मळताना वही शेजारी उघडी होती, तेव्हाचं असणार. वहीचा कागद हलका आहे.

२९ मार्च, सभेनंतर
पहिलं नाव आपलंच होतं असं सहाजणांना आठवलं. सिल्वी उठून म्हणाली, उगाच काय बोलता, पहिली मार्ता, दुसरी मी. माझी बाजू तिने घेतली, हे मला मुळीच आवडलं नाही. रायमो म्हणाला, मार्ताबाई, यादी तुमच्या हातून गेली आणि पहिलं नावही तुमचंच, मी लोकांना काय सांगू? मी म्हटलं, खरं सांग. म्हणाला, तेच कोणाला माहीत नाही. ठरलं असं की रांग नव्याने लावायची. उद्या सकाळी नऊला तळघराच्या दारावर कोरा कागद लागेल. ज्याचं नाव वर, त्याला पाळी.

३० मार्च
आठलाच खाली गेले. नऊला वेळ होता, म्हणून आत बसून जुनी फाइल शोधायला लागले. पुसलेलं परत आणायच्या दोन कमांडा स्वतः रचल्या. त्यांनी काही आणलं नाही, पण चालल्या छान. कागद दाराच्या बाहेरच्या बाजूला होता. साडेदहाला बाहेर आले तेव्हा अकरा नावं झाली होती. सर्वांत वर सिल्वी. म्हणाली, अगं, मला वाटलं तू आधीच लिहून आत गेलीस.

बारावं नाव लिहिलं. अक्षर माझंच चांगलं आहे.

५ एप्रिल, शनिवार
कॉम्प्युटरचं काम स्वखुशीने सोडलं. रायमोने किल्ली मागितल्यावर तासाभराने.

सिल्वी दारात आली. म्हणाली, टॉवेल घे आणि चल, सहा वाजतायत. तिला वाईट वाटू नये म्हणून गेले. वरच्या फळीवर ती, खालच्या फळीवर मी. पाण्याची पळी तिच्या हातात. दगडांवर एवढंसं पाणी टाकते, जसं काही फुलझाडाला घालतेय. वाफ माझ्यापर्यंत येईना. तिने विचारलं, पुरे का गं?

पाळी तिची. पुरे म्हटलं.