गोधडीतली केळ

ड्रेस्डेन, २० एप्रिल

प्रिय आई, इथूनच तुझ्या पाया पडते.

आधी रागावून घे. तू दिलेली गोधडी हिवाळाभर मी अंगणातल्या केळीला गुंडाळलेली. ही जात बर्फ सोसते म्हणतात, पण उणे बाराला माझाच धीर सुटला. मला हीटर आहे गं, काळजी नको.

काल गोधडी सोडली, तर खोड कुजून नुसता लगदा. रडूच आलं. सुरीने कापत खाली गेले आणि मधोमध हिरवीगार सुरळी! दुपारपर्यंत माझ्या डोळ्यांदेखत ती बोटभर वर आली. मी जेवायचंच विसरले.

ठाकुर्लीला मोरीमागच्या केळीला घड आला का? इथे घड धरत नाही म्हणे. नको धरू दे.

जूनमध्ये बाबांच्या वर्षश्राद्धाला सुट्टी मिळत नाहीये. पण तोवर पानं येतील. बाबांचं पान मी इथे वाढीन.

तुझी,
प्राप्ती