आईच्या बिछान्याखालची टाकी

आप्पा,

आईला दवाखान्यात घेऊन चाललेय. शुद्धीवर आहे, बोलतेय, पण चक्कर थांबत नाही. बोटीत उतरण्याआधी वरची झाकणं सताड उघडा, वारा खेळू द्या. स्टोव्ह पेटवू नका. संडासही वापरू नका.

संडासाची नवी टाकी तुम्ही तिच्या बिछान्याखाली बसवलीत आणि वास येतो म्हणून हवेच्या नळीला बूच मारलंत. नळी बाहेर काढायची तर बोटीला भोक पाडावं लागतं, आणि तुम्ही स्वतः बांधलेल्या या शिडाच्या बोटीला साधा खिळा ठोकायचीही आम्हाला चोरी. मग आतला वायू जाणार कुठे? टाकी फुगायची. तुम्ही वर गेलात की आई गुपचूप बूच काढायची, फुगवटा उतरला की परत लावायची. डोकं दुखतं म्हणाली, तर तुमचं उत्तर ठरलेलं, "बोट लागते तिला."

आज खाली पडलेली सापडली, तेव्हा बूच मुठीत होतं. डोळे उघडल्यावर पहिलं काय बोलली असेल? "त्यांना भोक पाडायला सांगू नकोस गं, जिवावर येईल त्यांच्या."

म्हणून मी सांगतेय. तुमचं गिरमिट टेबलावर काढून ठेवलंय. पाण्याच्या रेषेच्या बरंच वर, आतून पेन्सिलने फुली मारलीय. तिथे भोक पाडा, नळी बाहेर काढा आणि मगच दवाखान्यात या.

तोवर आई या बोटीवर पाय ठेवणार नाही. म्हणजे ती ठेवेल हो, मी ठेवू देणार नाही.

धाकटी