पिंजऱ्याखालचे लखलखीत ट्रे

तीर्थस्वरूप मावशीस,

भाच्याचा वाकून नमस्कार (कंबर धरली आहे, तरी वाकलो). गुडघे काय म्हणतात? काकांचा खोकला थांबला का? चष्म्यावाचून अडत असेल तर हे पत्र काकांकडून वाचून घे. ताजा कलम मात्र स्वतः, डोळे ताणून वाच.

काल गावी निघण्याआधी तू माझी शेड बघायला आलीस. तिथे काय चालतं ते तुला कळलं नसेल. मलाही अजून पुरतं कळलेलं नाही. आमच्या डॉक्टरीणबाई कोंबडीच्या पिल्लांना खाद्यातून कधी तेल देतात, कधी चरबी, आणि त्यातलं किती पचतं ते बघतात. पिल्लू लहान असताना त्याच्या पोटात पित्त कमी, त्यामुळे चरबी बरीचशी तशीच बाहेर पडते. अंगाने भरलं की पचायला लागते. तेल त्या मानाने सोपं. पण पिल्लाला काही, बाबा रे, पचलं का, असं विचारता येत नाही. म्हणून खाल्लेलं मोजायचं, पिंजऱ्याखालच्या ट्रेमध्ये साठलेली विष्ठा वाळवायची, तिच्यात किती चरबी उरली ते तपासायचं आणि वजाबाकी करायची. म्हणजे इथे खाद्य उघड्यावर पडलेलं असतं आणि विष्ठेला जपायचं! माझं डोकं इथेच फिरतं. त्यात ही चाचणी नीट पार पडली तर माझी नोकरी कायम होणार होती.

शेडमध्येच तुझा निरोप घेऊन मी आणि बाई मालकांना आणायला फाटकावर गेलो. त्यांनी तिथेच गप्पा लांबवल्या. बाईंसह परत येतो तर काय, ट्रे लखलखीत! त्यात बघून भांग पाडावा असे. आपण भलत्याच शेडमध्ये शिरलो असं वाटून बाई बाहेर जाऊन पाटी वाचून आल्या. मालकांना मात्र (त्यांना फक्त विकायची खाद्याची पोती कळतात) आनंदाचं भरतं आलं. सगळंच्या सगळं पचलं, बाहेर टिपूस नाही, म्हणत त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली, नोकरी कायम म्हणून सांगितलं आणि पोत्यांवर 'संपूर्ण पचणारे' छापायला सांगायला निघून गेले. त्यांची पाठ वळते न वळते तोच पिल्लांनी ट्रेवर आपलं मत मांडलं. बाई एकेक ट्रे उचलून बघू लागल्या. उंदीर, वारा, फुटका नळ, त्या बिचाऱ्या सगळ्यांवर संशय घेत सुटल्या. मला त्यांच्याकडे बघवेना. हे कोणी केलं असेल, काही म्हणजे काही सुचेना.

बाकी ठीक.

तुझा गोंधळलेला भाचा

ता. क. मागच्या नळाजवळ, बादलीच्या आड, एक चष्मा सापडला. दांडीला दोरा गुंडाळलेला. निघताना तू म्हणालीस ना, साहेबांपुढे तुझी मान खाली जायला नको? मला वाटलं, माझ्या शर्टाबद्दल बोलतेस. मावशी, किती ग जीव लावतेस! पण एकदा विचारायचंस तरी.

पुन्हा ता. क. ट्रे मीच धुतले असं मी मालकांना आणि बाईंना सांगून टाकलं. नोकरी कायम करायची का, ते आता पुढच्या चाचणीनंतर बघणार आहेत. तू मनाला लावून घेऊ नकोस. चष्मा पोस्टाने पाठवतो; तो न्यायला तू येऊ नकोस, तुझ्या पाया पडतो. आणि बाईंनी विचारलं तर काय सांगू, तेवढं कळव. त्यांना माझं पटलेलं नाही. म्हणाल्या, तुझा जेवणाचा डबा कसा धुतलेला असतो, ते रोज बघते मी.