तिन्ही उजेडांतला पिवळा

४ नोव्हेंबर, सोमवार

आज घणसोली गावात राहायला आलो. जागा आवडली. खाली किराणा दुकान, वर मालकाचं जुनं गोडाऊन. त्यात राजेश्वरीबाईंचा स्टुडिओ आहे आणि त्याच्या मागे माझी दहा बाय दहाची खोली. रिक्षावाल्याने ट्रंक वर आणून दिली आणि चहालाही थांबला. बऱ्याच दिवसांनी कुणाबरोबर तरी चहा प्यालो.

काम असं आहे. बाई मोठी चित्रं काढतात. त्यांत माणूस, झाड, घर काहीच नसतं. नुसता रंग, पातळ पातळ थरांचा, एकेका चित्रावर तीस-चाळीस थर. मार्चमध्ये त्यांचं प्रदर्शन आहे. प्रत्येक थराचा नमुना ठेवायचा आणि तो कुठल्या उजेडात कसा दिसतो ते लिहायचं, यासाठी त्यांना माणूस हवा होता. मी एकतीस वर्षं कापड रंगवण्याच्या कारखान्यात शेड जुळवली. माझी मुलगी ऋता पुण्याला असते, तिने कुठूनसं हे शोधून काढलं. खांदेश्वरच्या फ्लॅटमध्ये एकटे राहिले तर बाबा वेडे होतील, असं ती जावयांना सांगत होती. मी ऐकलं.

दिवाळी काल संपली. आमच्याकडे यंदा सण नव्हता. इथे गल्लीत अजून कंदील आहेत, बघायला बरं वाटलं.

७ नोव्हेंबर, गुरुवार

काम जमतंय. सकाळी उत्तरेच्या खिडक्यांतून सपाट, चांगला उजेड येतो. दुपारी चारच्या सुमारास समोरच्या नव्या टॉवरच्या काचांवरून ऊन परतून आत येतं, वीस मिनिटं. बाई त्याला दुसरा सूर्य म्हणतात.

मी कारखान्यातल्यासारखीच पद्धत ठेवली आहे. प्रत्येक नमुना तीन उजेडांत बघायचा: दिवसाचा, ट्यूबचा आणि पिवळ्या दिव्याचा. दोन कापडं एका उजेडात अगदी सारखी दिसतात आणि दुसऱ्या उजेडात वेगळी, यावर आमच्याकडे गाडीच्या गाडी माल परत यायचा. कुठलाच रंग तिन्ही उजेडांत तोच राहत नाही. बाईंना हे फार आवडलं.

चित्रात काय बघायचं ते मला कळत नाही, असं मी त्यांना सांगून टाकलं. त्या म्हणाल्या, बरं झालं विलासराव, ज्यांना लगेच कळतं ते दोन मिनिटांत निघून जातात, तुम्ही आपले बसा.

केर-लादी आणि दुपारचं जेवण गावातल्याच यशोदाबाई करतात. बाई एकच पडदा चाळीस वेळा रंगवते, तेवढ्यात आमच्या आळीतली सगली घरां रंगून झाली असती, असं त्यांचं म्हणणं. हे त्या बाईंच्या तोंडावर म्हणतात. बाई हसतात. आज मीही हसलो.

११ नोव्हेंबर, सोमवार

आज एक गोष्ट केली. इथे लिहितो, दुसऱ्या कुणाला सांगण्यासारखी नाही.

मीनाला पिवळा उजेड आवडायचा. ट्यूबखाली घर दवाखान्यासारखं दिसतं म्हणायची. म्हणून मीच घरभर पिवळे दिवे लावले. जुलैत ती थकल्यासारखी असायची, जेवण जात नव्हतं. पावसामुळे खिडक्या बंद, पडदे ओढलेले. मी रोज तिच्यासमोर बसून जेवत होतो. हाताखालच्या पोरांना मी एकतीस वर्षं बजावत आलो की पिवळ्या दिव्याखाली पिवळा कधीही पास करू नका, तो दिसत नाही. ऋता आली, तिने आईला बाल्कनीत बसवलं आणि मला हाक मारली, बाबा, आईचे डोळे बघा. मी पाहिले. पांढऱ्याच्या जागी काय शेड होती ते सांगायला मला एक सेकंद लागला. डॉक्टर म्हणाले, तीन आठवडे आधी आणायला हवं होतं. अठरा ऑगस्टला ती गेली.

सावडायला गेलो तेव्हा थोडी राख वेगळी काढली. ऋताला सांगितलं, गावी जाऊन सगळं कृष्णेत सोडलं. दहाव्याला कावळा शिवला नाही. दोन तास थांबलो. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून उरकलं. सगळे एकमेकांना विचारत होते, मीनाची काय इच्छा राहिली असेल.

ती राख मीनाच्या हळदीकुंकवाच्या करंड्यात आहे, हळदीच्या कप्प्यात. तळाची हळद मी काढली नव्हती.

आज नव्या मोठ्या कॅनव्हासला, यशोदाबाईंमुळे मीही आता पडदाच म्हणतो, खडूची पूड आणि सरस यांचा पांढरा हात द्यायचा होता. बाई खाली गेल्या होत्या. मी करंडा उघडला आणि तो कप्पा बादलीत उपडा केला. वाटलं, कुठल्यातरी भिंतीवर राहील, चांगल्या उजेडात. हात देऊन झाल्यावर पांढरा पांढराच दिसत होता.

रात्री झोप चांगली लागेल असं वाटतं.

१८ नोव्हेंबर, सोमवार

त्या पडद्यावर बाई निळा देत आहेत. सात थर झाले. आज सकाळी निळ्यातून दोन पिवळे डाग वर आलेले दिसले. शेजारी शेजारी, अंगठ्याएवढे, माझ्या खांद्याच्या उंचीवर.

निळ्याखालून पिवळा आला तर तो हिरवट दिसायला हवा. हा हिरवट नाही. दिवसाच्या उजेडात पाहिला, ट्यूबखाली पाहिला, पिवळा दिवा जवळ नेऊन पाहिला. तिन्हीत तोच. पुन्हा तिन्हीत पाहिला. असं होत नाही.

हळद असेल असं मनाशी म्हटलं. पण हळदीचा रंग उन्हात टिकत नाही. रोज चार वाजता दुसरा सूर्य नेमका त्या डागांवर येतो आणि ते फिके होण्याऐवजी गडद होत आहेत.

बाईंनी त्यावर निळ्याचे आणखी दोन हात दिले. संध्याकाळी डाग परत वर. त्या बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या की हा पिवळा मी लावलेला नाही, पण इतका खरा पिवळा मला जन्मात जमला नव्हता, राहू द्या.

मीना माझ्या खांद्याला लागायची.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

कारखान्यातलं माझं जुनं शेड कार्ड मी बरोबर आणलं आहे. दोनशे चाळीस नमुने, प्रत्येकाचा नंबर मला पाठ. आज उघडलं तर लाल रांग राखाडी. सगळी. ऊन लागून उडाली म्हणावं तर कार्ड ट्रंकेत होतं.

यशोदाबाईंना दाखवलं. त्या म्हणाल्या, काका, चांगला लालभडक तर हाय, कुंकवासारका.

जेवताना ताटात टोमॅटो होता. तो खाल्ला.

२६ नोव्हेंबर, मंगळवार

हिरवे गेले. मग केशरी. आज निळे जात आहेत. बाईंचा पडदा मला राखाडी दिसतो आणि त्यावर ते दोन डाग. त्यांची कड आता स्पष्ट आहे. मध्ये काळोख आहे, गोल. बाईंनी तिथे काळा लावलेला नाही.

यशोदाबाई उद्यापासून स्टुडिओत येणार नाहीत, जेवण दारातच ठेवतील. केर काढताना पाठीला कुणी बघतंय असं वाटतं म्हणून त्यांनी पडद्यावर चादर टाकली होती. थोड्या वेळाने वळून बघितलं तर डाग चादरीवर. मला त्यांनी जिन्यात गाठून विचारलं, काका, खरा सांगा, तुमचा कोन गेलाय आनि तुमी त्याला सोरला नाय.

मी म्हटलं, सोडलंय.

२९ नोव्हेंबर, शुक्रवार

वाशीला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. दोष काही नाही. रंगांच्या ठिपक्यांची पानं दाखवली, मला एकही आकडा वाचता आला नाही. टेन्शन घेता का, असं विचारलं. थेंब दिले.

बाटलीवरची पट्टी पिवळी आहे. ती दिसते.

पिवळे सगळे दिसतात. फक्त तेच.

२ डिसेंबर, सोमवार

बाईंना सांगितलं. करंडा, बादली, सगळं. त्या रागावतील असं वाटलं होतं. त्या पडद्यासमोर खुर्ची ओढून बसल्या. मग पक्कड घेतली आणि मागचे खिळे एकेक काढले. मी धरायला गेलो तर नको म्हणाल्या. महिन्याचं काम. गुंडाळी करून माझ्या हातात दिली. म्हणाल्या, विलासराव, हे माझं नाहीच, तुमचं आहे, खाडीत सोडून या, मी दुसरं करीन.

यशोदाबाईंनी भरतीची वेळ विचारून ठेवली आणि नारळ दिला. मागं वलून बघू नका, असं म्हणाल्या. उद्या दुपारी.

ऋताला फोन केला नाही.

३ डिसेंबर, मंगळवार

करावे गावाच्या मागे खाडीवर गेलो. फ्लेमिंगो आलेत, असं रिक्षावाला कौतुकाने सांगत होता. मला राखाडी पाण्यात राखाडी पक्षी दिसले. आकाश राखाडी. माझे हात राखाडी. नारळ सोडला.

एकदा बघावं म्हणून गुंडाळी उघडली.

तेवढाच रंग होता. खाडीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत तेवढाच. हे पाण्यात गेलं की मला काही उरणार नव्हतं. आणि ती बघत होती. तशीच, जेवताना समोरून बघायची तशी.

गुंडाळी परत आणली. बाईंना सांगितलं, सोडलं. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

पडदा माझ्या खोलीत पलंगाच्या समोर लावला आहे. दाराला कडी.

५ डिसेंबर

डाग पडद्यावर नाहीत. पडदा नुसता राखाडी. ते भिंतीवर आहेत. सकाळी दाराच्या बाजूला होते, आता पलंगाच्या — उंची तीच.

भात पिवळा. पाणी पिवळं.

बाईंनी दार वाजवलं. बरं नाही म्हणालो.

६ डिसेंबर

ऋताचा व्हिडिओ कॉल. बोलता बोलता थांबली. म्हणाली, बाबा, जरा खिडकीपाशी या, उजेडात, डोळे बघू —

मी फोन ठेवला. तिने नऊ वेळा केला. मग मेसेज, निघालेय, चारपर्यंत पोचते, दार उघडं ठेवा.

आरशात पाहिलं. दिवसाच्या उजेडात. ट्यूबखाली. तिसरा दिवा लावायची गरज —

शेड सांगायला एक सेकंद लागला.

६ डिसेंबर, दुपार

दुसरा सूर्य आज माझ्या खोलीत आला. जात नाही. वीस मिनिटं कधीच होऊन गेली. खोली सगळी पिवळ्या दिव्याखाली असावी तशी झाली आहे. तिला आवडायची तशी.

कडी काढायला उठलो होतो. ऋता येईल म्हणून. दाराजवळ ती आहे. माझ्या खांद्याशी. आता डोळेच नाहीत नुसते, बाकीचंही — थकलेली दिसते. मी तेव्हा पाहिलं नव्हतं ते सगळं दिसतंय, मीना, सगळं दिस —

समोर बसली. ताट माझ्यासमोर आहे.

जिन्यात पावलं. बाबा, बाबा म्हणतेय. तिने आत येऊ नये. तिला सांगा, आत — या उजेडात तिचेही डोळे मला

शाई आहे पेनात. टेकतंय ते कळतं. पण कागद आणि अक्षर आता एकाच शे