फळीवरचा हात

मिठबाव, ८ फेब्रुवारी २००९

पडवीत बसवलेलं नवं सीएनसी राउटर, लाकूड आपोआप कोरणारं मशीन, आज पहिल्यांदा चालवलं. बाबांना दहादा सांगितलं होतं, फळी क्लॅम्पने आवळलीय, धरायची नाही. पातं फिरत खाली आलं आणि त्यांनी सवयीने फळीवर तळहात ठेवला. मी लाल बटण दाबलं. पातं त्यांच्या अंगठ्यापासून बोटभर अंतरावर थांबलं.

"धरल्याशिवाय लाकूड रवता खंय? चाळीस वर्सां असाच धरतंय मी," बाबा म्हणाले.

मी ओरडलो. बापावर.

तो अंगठा डोळ्यांसमोरून हलत नाही. उद्यापासून त्यांना मशीनजवळ येऊ द्यायचं नाही, हेच लिहायला बसलो होतो. बटण मी उजव्या हाताने दाबलं. मग डावा कुठे होता? आत्ता आठवलं. फळीवरच, त्यांच्या हाताला लागून.