धर्मगुरू निलाम्मोनच्या बहिणीची निरवानिरव

मी तेकूसा, होरिओनची विधवा, धंदा विणकाम, राहणार अलेक्झांड्रिया, तळ्याकाठची आळी. शरीर थकले आहे, डोके ठिकाणावर आहे. माझ्यामागे माझ्या वस्तूंचे काय करावे, ते कोणाच्याही दडपणाविना लेखनिकाकडून लिहवून घेते.

या शहराचा मुख्य धर्मगुरू निलाम्मोन माझा सख्खा थोरला भाऊ. ख्रिस्ताचे स्वरूप एक की दोन, या वादात सम्राटाने आधीच्या धर्मगुरूंना हद्दपार करून दादाला त्यांच्या आसनावर बसवले. अर्ध्या शहराने त्याच्या हातची प्रसादाची भाकर घेणे सोडले. माझा मुलगा कोलूथोस त्यांच्यातच गेला.

दादाच्या पहाऱ्यावरचे सैनिक दक्षिणेतले बंड मोडायला गेले, तशी मी चर्चमध्ये धावले.

"दादा, होडी तयार आहे. ऊठ."

"पळालो तर म्हणतील, सम्राटाचा माणूस होता."

"आणि राहिलास तर?"

"तेच म्हणतील गं."

जमाव आत शिरला. मी दादापुढे उभी राहिले. "आई, बाजूला हो! तो आता तुझा कोणी नाही," असे म्हणत कोलूथोसनेच मला ओढून काढले. त्यांनी दादाला रस्त्यातून फरफटवले, जाळले, राख समुद्रात टाकली. तेलवाल्या हेरोनचे दार मी बडवत होते; त्याने आतून अडसर घातला. त्याला मी माफ केलेले नाही.

घर कोलूथोसला. मी विचारले, तेव्हा त्याचा निरोप आला, "त्या छपराखाली मी पाणीही पिणार नाही." त्याने नाकारल्यास शेजारीण दिदुमेला. दादा गेल्यावर माझ्याशी बोलणारी ती एकटीच.

माग दिदुमेच्या लेकीला. त्यावरचे अर्धवट विणलेले कापड कापून टाकावे.

माझ्या घरी राहिलेला दादाचा झगा त्याच्या बाजूचे लोक मागतात, काठीला बांधून मिरवायला. आता तो त्यांचा हुतात्मा. जिवंत होता तेव्हा त्याच्या दारात यायला हेच कचरत होते. त्यांना धागाही देऊ नये. मला त्यात गुंडाळावे. मारणाऱ्यांत कोण होते, हेही ते विचारतात. मी सांगितलेले नाही.

पुरताना दोन्हीकडचे पुरोहित आधी विचारतील, बाई कोणत्या बाजूची? उत्तर देऊ नये. प्रार्थनेविना पुरावे.

साक्षीला दोन्ही बाजूंचा एकेक माणूस बोलावला. मीठवाल्या अप्फूसने सही केली. सुतार पामूनिसने कागद पाहिला.

"ही कोणाची सही?"

"अप्फूसची."

"मग माझी नको, मावशी."

माणूस चांगला आहे. माझ्या घराची तुळई त्यानेच बसवली. एका साक्षीवर हा कागद टिकणार नाही, असे लेखनिक म्हणतो. तरी खूण करते.

तेकूसा, तिच्या हातची खूण
अलेक्झांड्रिया, फार्मूथी महिना
साक्षीदार: अप्फूस, मीठवाला
दुसरा साक्षीदार: मिळाला नाही